प्रोफेसरबाईंना लावलेली तीट

श्पार्गेल आले. परवा ऑफिसातून येताना पेट्रोलपंपाशेजारी ती लाकडी टपरी पुन्हा उभी राहिलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. एप्रिल आला की हे पांढरे, बोटाएवढे जाड कोंब बाजारात येतात आणि इथे जर्मनीत चांगली शहाणीसुरती माणसं वेड्यासारखी रांगा लावतात. आपल्याकडे हापूसचं जे होतं, तेच. शिरीष, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवत होता. त्याने नुसतं विचारलं, "थांबायचं का गं?" मी म्हटलं, "तुला गिळायचे असतील तर थांब. सोलायचेही तूच." तो थांबला नाही. तीन वर्षं झाली, आमच्या घरात श्पार्गेल शिजलेले नाहीत.

तसा त्या बिचाऱ्या कोंबांचा काय दोष! आम्ही नवीन नवीन इथे आलो तेव्हा मी ते शेजारणीने सांगितल्यासारखे उकडले, वर लोण्याचा सॉस ओतला आणि पहिल्या घासाला शिरीषकडे बघितलं. उकडलेल्या पडवळात आणि यात काही फरक असेल तर तो किमतीचा, असं आमचं दोघांचं मत पडलं. मग एकदा मी त्यांना मोहरी-हिंगाची फोडणी दिली, हिरवी मिरची, ओलं खोबरं, वरून लिंबू. तेव्हा कुठे ते खाण्यासारखे झाले. आईला फोनवर वर्णन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे शतावरीच की! तुझ्या बाळंतपणात चमचा चमचा कल्प घातलाय तुझ्या पोटात." तेव्हापासून आमच्या घरी त्याला शतावरीची भाजी असंच नाव पडलं. सोलताना बोटांना येणारा तो ओला, किंचित कडवट वास मला अजूनही आवडतो. आवडतो म्हणूनच जास्त राग येतो.

टपरीवरच्या शेतकरीणबाईंनी एकदा मला सांगितलं होतं की चोवीस जूनला कापणी बंद. कितीही कोंब वर येऊ देत, गिऱ्हाईक कितीही गयावया करू दे, त्या दिवसानंतर सुरी लावायची नाही. मुळांना दम खाऊ दिला नाही तर पुढच्या वर्षी काही उगवत नाही. मला ते फार आवडलं होतं. आपण होऊन हात आखडता घ्यायचा दिवस आधीच ठरवून ठेवलेला. आणि गंमत म्हणजे त्याच दिवसांत माझी लेक, ईरा, मला फोनवर न्यायाधीशांच्या मुदतीबद्दल सांगत होती.

ईरा इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिच्या वाक्यात मराठी शब्द दोनच, 'आई' आणि 'बाबा'. ती कायदा शिकत होती आणि शिकता शिकता फ्राऊ टीलमान नावाच्या प्रोफेसरबाईंकडे मदतनीस म्हणून लागली होती. त्या वर्षी आमच्या राज्याच्या घटना न्यायालयात एका न्यायाधीशांची मुदत संपत आली होती आणि त्या जागेसाठी बाईंचं नाव पुढे आलं. बाई निवडून आल्या असत्या तर ईराला आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याबरोबर न्यायालयात काम मिळणार होतं. पोरगी हवेत होती. रोज फोन. "आई, तुला कळतंय का हे काय आहे ते?" आणि मग मला समजेल अशा बेताने सगळं सांगायची. या न्यायाधीशांना ठरावीक वर्षं मिळतात, ती संपली की उठायचं, पुन्हा निवडून येता येत नाही. ज्याला पुन्हा यायचंच नाही त्याला कुणाची हांजी हांजी करावी लागत नाही, म्हणून तो धीटपणे निकाल देतो. मी म्हटलं, "म्हणजे श्पार्गेलसारखं." ती हसली आणि म्हणाली, "गेनाऊ, आई, गेनाऊ." अगदी बरोब्बर.

पण त्यात एक मेख होती. मुदत संपली तरी नवा माणूस निवडला जाईपर्यंत जुन्यानेच खुर्ची सांभाळायची. आणि नव्याला लागतात विधानसभेतली दोन तृतीयांश मतं, तीसुद्धा गुप्त. म्हणून तिथल्या पक्षांनी आपसात ठरवून घेतलेलं होतं, एक जागा तुम्ही सुचवा, पुढची आम्ही सुचवू, आणि मत दोघांनी दोघांना द्यायचं. जाणारे न्यायाधीश आमच्या पक्षाने सुचवलेले होते. आता पाळी होती सरकारातल्या दुसऱ्या पक्षाची आणि त्यांनी बाईंचं नाव दिलं होतं. म्हणजे निवड जितकी लांबेल तितके दिवस आमच्या पक्षाचा माणूस खुर्चीत. बाईंनी मात्र आपल्या पुस्तकात आधीच लिहून ठेवलं होतं की मुदत उलटून गेल्यावर जागा भरायची टाळाटाळ करणं म्हणजे घटनेची थट्टा आहे. त्या एका वाक्याने आमच्याकडच्या बऱ्याच जणांच्या पोटात दुखत होतं. हे सगळं मला आज इतकं स्वच्छ दिसतंय. तेव्हा मला आपलं वाटत होतं की माझ्या मुलीचं भलं होणार आणि आपल्याच ओळखीचा माणूस मत देणार, मग काळजी कसली.

'आमचा पक्ष' म्हणाले खरी. मी कुठली राजकारणातली! लॅबमध्ये रंगांचे नमुने तपासणारी बाई मी. पण ईरा लहान असताना शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग नव्हतं, मी अर्ज घेऊन हिंडत होते, आणि त्या अर्जाला पहिल्यांदा कुणी दाद दिली असेल तर ती मार्टिनने. तो तेव्हा साधा नगरसेवक होता. पुढे विधानसभेवर गेला. जर्मन पासपोर्ट हातात आला त्या आठवड्यात मी पक्षाची मेंबर झाले, ती त्याच्यावरच्या विश्वासावर. दर निवडणुकीला शनिवारच्या बाजारात त्याच्या स्टॉलवर मी उभी. फेब्रुवारीच्या थंडीत पाय बधिर व्हायचे. येणारे-जाणारे पत्रक घेताना माझ्याकडे बघून जरा थबकायचे आणि मी दात काढून म्हणायची, "माझ्या मुलीच्या शाळेसमोरचं क्रॉसिंग यांनी केलंय!" थर्मासमधून चहा न्यायची, आल्याचा. मार्टिन सगळ्यांना सांगायचा, "आनागाचा चहा प्या." माझं नाव अनघा. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

दर मे महिन्यात तो आमच्याकडे जेवायला यायचा, शतावरीची भाजी खायला. आमच्या घरात तो सोफ्यावर पाय पसरून बसायचा. शिरीषच्या आईंशी व्हिडिओ कॉलवर 'नमस्ते' करायचा. त्या म्हणायच्या, "अहो, तुम्ही आहात तिकडे म्हणून आम्हाला मुलांची काळजी नाही." मी ते भाषांतर करून सांगायची आणि तो छातीवर हात ठेवायचा.

त्या मे महिन्यातही आला. बाहेर उजेड होता, बाल्कनीचं दार उघडं, भाजीला लिंबू पिळताना बी पडलं म्हणून मी चमच्याने काढत होते. मार्टिन म्हणाला, "आनागा, ईरा टीलमानबाईंकडे काम करते? केवढा मान आहे हा! तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!"

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं. आपल्या पोराचं कुणी तोंडभरून कौतुक केलं की आपण काय करतो? आपण ते खाली पाडतो. बाळ गोरंगोमटं दिसलं की आई लगेच त्याच्या गालावर काजळाची तीट लावते, तसं. 'फार हुशार आहे हो तुमची मुलगी' म्हटलं की 'कसली हुशार, चहा करता येत नाही अजून' असं म्हणायचं. ऐकणाऱ्यालाही कळतं की हे खरं नाही, ही तीट आहे. माझी आई अशीच बोलायची, तिची आईही. मी पंचवीस वर्षं जर्मनीत राहून जेवणाच्या टेबलावर तेच केलं. म्हटलं, "छे रे, कसला मान! त्या बाई म्हणजे महाकडक. पोरीने जीव तोडून लिहिलेलं ओल्या फडक्यासारखं परत फेकतात तिच्या अंगावर! फोनवर रडते माझ्याजवळ. कुणाचं ऐकायचं म्हणून नाही. उद्या बाकीच्या न्यायाधीशांशी यांचं कसं जमणार, देव जाणे!" आणि मी हसले. शिरीष हसला. मार्टिनही हसला.

ईरा रडली होती हे खरं. पण त्या फोनचा उरलेला अर्धा भाग मी सांगितलाच नाही. कागद परत दिल्यावर बाई दोन तास तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या, एकेक वाक्य तिच्याकडून नव्याने लिहून घेतलं होतं, आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "तुझ्यात काही नसतं तर मी एवढा वेळ घालवला नसता." हे सांगणं म्हणजे बढाई झाली असती ना! ते मी गिळलं आणि तीट तेवढी लावली.

निघताना मार्टिनने दारात माझा हात हातात घेतला. "ईराला सांग, माझं मत तिच्या प्रोफेसरबाईंना. शब्द देतो." मी ईराला लगेच फोन लावला. ती नुसती किंचाळली.

जूनमध्ये एका सकाळी लॅबमधल्या चहाच्या खोलीत स्थानिक पेपर पडला होता. टीलमानबाईंवर मोठा मजकूर. पक्षातल्या सूत्रांकडून कळतं, त्यांच्या हाताखालच्या लोकांच्या घरच्यांनी काळजी व्यक्त केली आहे, बाई इतरांचं ऐकत नाहीत, अशी व्यक्ती न्यायाधीशमंडळात कशी बसणार. आणि मग, अवतरणचिन्हांत, बाई विद्यार्थ्यांचं काम ओल्या फडक्यासारखं अंगावर फेकतात.

मी ती ओळ पुन्हा वाचली. जर्मनमध्ये असं कुणी म्हणत नाही हो. ते माझं होतं. ईरा शाळेतून येऊन दप्तर भिरकावायची तेव्हा मी ओरडायची, "ओल्या फडक्यासारखं टाकू नकोस!" मी ते घरातून उचलून जर्मनमध्ये ठेवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, आपल्या माणसासमोर. आता ते अख्ख्या जिल्ह्याने चहाबरोबर वाचलं.

मार्टिनला तिथूनच फोन केला. तो अगदी शांत होता. "हे बघ, आनागा, मी फक्त पक्षाच्या आतल्या बैठकीत बोललो. पेपरला मी दिलं नाही."

"पण ते आमच्या घरातलं बोलणं होतं रे!"

"तू म्हणालीस ना तसं? मी त्यात एक शब्द तरी घातला का?"

"मी गमतीने म्हणाले! आमच्यात असंच बोलतात!"

"ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. दहा मे महिने त्याने माझ्या हातचं खाल्लं होतं. दर वेळी मी म्हणायची, 'भाजी बिघडलीये आज', आणि दर वेळी तो तीनदा वाढून घ्यायचा. त्याला बरोब्बर कळत होतं.

मग मी विचारलं, "आणि मत? शब्द दिला होतास." तो म्हणाला, "मतदान गुप्त आहे. प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारायचं असतं." असं गोड बोलून केसाने गळा कापलेला मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मी फोन ठेवला आणि लॅबमध्ये जाऊन रंगांच्या पट्ट्या लावत बसले, सगळ्या चुकीच्या लावल्या.

मतदानाच्या दिवशी बाईंना थोडकी मतं कमी पडली. कुणी दिली नाहीत ते कधीच बाहेर येणार नाही, गुप्त म्हणजे गुप्त. पण त्या संध्याकाळी पक्षाच्या स्थानिक शाखेच्या बागेत बिअर होती आणि मी गेले होते, खरं तर जाब विचारायला. माझ्याकडे पाठ करून मार्टिन कुणाला तरी सांगत होता, "उमेदवाराच्या स्वतःच्या मदतनीसाची आई आमची मेंबर आहे. तीच म्हणते तर आम्ही कोण?" लोक माना डोलावत होते. म्हणजे नुसतं माझं बोलणं चोरलं नव्हतं, मलाही दाखवायला उभी केली होती. परदेशातून आलेली, साधी, प्रामाणिक बाई. तिला काय पडलंय राजकारणाचं? मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "आनागा! चहा नाही आणलास?" मला खूप काही बोलायचं होतं. माणसं बघत होती आणि मी तशीच घरी आले. ती लाज मला अजून छळते.

मेंबरशिप सोडल्याचं पत्र मी दुसऱ्याच दिवशी टाकलं. चार आठवड्यांनी छापील उत्तर आलं, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.

ईरा मतदानानंतरच्या रविवारी न सांगता आली. बूट काढले, नीट कपाटात ठेवले. एरवी ती ते दारातच टाकते. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि पेपराचं कात्रण टेबलावर ठेवलं. "आई, ही तू आहेस." प्रश्न नव्हताच तो. मी सगळं सांगितलं, मार्टिनचं, जेवणाचं, तीट लावण्याचं. तीट म्हणजे काय ते तिला नव्याने समजवावं लागलं. तिच्या गालावर मी स्वतः दोन वर्षं लावली आहे, पण तिला कुठून आठवणार. ती ऐकत राहिली. मग जर्मनमध्ये, हळू आवाजात म्हणाली, "तो राजकारणी आहे, आई. त्याच्याकडून मला कधीच काही अपेक्षा नव्हती. मी तुझ्याजवळ रडले होते."

मी म्हटलं, "मला माफ कर गं."

"बाईंनी सगळ्यांना विचारलं, कुणाच्या घरून गेलं. मी सांगितलं, माझ्या. नोकरी सोडली." बाई काय म्हणाल्या, मी विचारलं. "काही नाही. म्हणाल्या, टेबलावरचे कागद लावून जा. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

शिरीष मधे म्हणाला, "अगं ईरा, आईने मुद्दाम नाही केलं." तर ती म्हणाली, "ते मला माहीत आहे, बाबा. म्हणून तर मी ओरडत नाहीये." मी वाढलेलं तिने सगळं खाल्लं, ताट घासून ठेवलं आणि तीनची गाडी पकडली. पाहुणी वागते तशी वागली पोरगी.

जागा पुढे वर्षभर तशीच लोंबकळत राहिली. पक्ष एकमेकांवर चिखलफेक करत होते, कुणी म्हणे मुदतच वाढवा, कुणी म्हणे बहुमताची अट काढा, आणि मुदत संपलेले ते म्हातारे न्यायाधीश निकाल देत बसले होते. ईराने सांगितलेलं ते ठरल्या दिवशी उठून जाणं किती सोपं वाटलं होतं मला! शेवटी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तिसराच माणूस आणला. म्हाताऱ्यांना निरोपाचा गुच्छ दिल्याचा फोटो पेपरात होता. मागच्या रांगेत मार्टिन हसत उभा होता. टीलमानबाई पुन्हा शिकवायला लागल्या म्हणे. त्यांना पत्र लिहावं म्हणून मी कितीदा बसले. पहिल्या ओळीतच अडकते. सुरुवात काय करणार? 'मी ती आई'?

मार्टिन रस्त्यात दिसतो. हात हलवतो. मी रस्ता ओलांडते, त्याच क्रॉसिंगवरून, दुसरं नाहीये जवळपास. त्याचा राग मला पुरून उरेल इतका आहे आणि खरं सांगू, तो राग आहे हे एका परीने बरं आहे. तो संपला की मग माझीच पाळी येते. मी काय केलं? पोरीने जे फक्त माझ्याजवळ सोडलं होतं ते मी पाहुण्याच्या ताटात वाढलं, वर लिंबू पिळून. त्याने खाल्ल्या घरचे वासे मोजले हे खरं, पण ते मोजायला दिवा मीच धरला होता.

ईरा आता ड्रेस्डेनला आहे. परीक्षा झाली, एका न्यायालयात शिकाऊ म्हणून काम करते. दर रविवारी दुपारी बरोबर तीनला फोन करते, एकही रविवार चुकवत नाही. हवा कशी आहे, जेवणात काय केलं, आजीचा गुडघा कसा आहे. कामाचं विचारलं की "आलेस गूट, आई." सगळं छान. तीन वर्षं सगळं छान आहे.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. स्पीकरवर टाकला. "आई," ती म्हणाली. मग एकदम भरभर सुरू झाली, इथले न्यायाधीश, परवा सगळ्यांसमोर, मी लिहिलेला मसुदा... आणि थांबली. मी गॅस बंद केला. श्वास ओढल्याचा आवाज आला, नाक वाजलं. तो आवाज मला ओळखता येत नाही असं तिला वाटत असेल तर ती वेडी आहे.

"काय झालं गं? रडतेस का?"

तिकडे नळ सुरू झाला, बंद झाला. मग म्हणाली, "नाही. सर्दी झालीये." मराठीत म्हणाली, चक्क मराठीत, लांबच्या मावशीशी बोलावं तसं.

मी म्हटलं, "हळद घालून गरम दूध घे."

ती म्हणाली, "हो, घेते."